एका अंड्याचा पक्षी आणि ‘पडीक’ ठरलेला माळ

आषाढाच्या शुद्ध पक्षात ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि त्या दिवशीचा मुक्काम नातेपुत्यास पडतो. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरला रिंगण होते आणि वैष्णवांचा मेळा माळशिरसकडे सरकतो. या सोहळ्यात चालणाऱ्याला आजूबाजूचा मुलूख निरखण्याची सवड नसते. पण कोणी क्षणभर थांबून पाहिलेच, तर त्याच्या ध्यानात येईल की, या एका गावापाशी दोन महाराष्ट्र शेजारी शेजारी नांदत आहेत. नीरा उजव्या कालव्याखालची जमीन हिरवीगार उसाची. कालव्याच्या वर, शंभू महादेवाच्या डोंगररांगेकडे चढत जाणारा मुलूख मात्र कुसळांचा, खुरट्या बोरीबाभळींचा आणि मेंढरांचा. पहिल्या मुलखाला सरकार ‘बागायत’ म्हणते, तर दुसऱ्याला ‘पडीक’. एका देखण्या, भारदस्त आणि अस्सल भारतीय पक्ष्याची शोकांतिका या दुसऱ्या शब्दात सामावलेली आहे.

तो पक्षी म्हणजे माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड, हिंदीत सोहनचिडिया. उभा राहिला की सुमारे तीन-साडेतीन फूट उंच. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन बारा-चौदा किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये इतके वजनदार पक्षी जगात मोजकेच आहेत. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान, छातीवर काळा पट्टा आणि एखाद्या जुन्या खानदानी माणसासारखी सावकाश, मान ताठ ठेवून टाकलेली पावले. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालू असताना डॉ. सलीम अली यांनी याच पक्ष्याचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोराच्या निवडीबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही; पण मोर गावोगाव दिसतो आणि माळढोक आज साऱ्या देशात दीडशेसुद्धा उरलेला नाही. २०११ साली त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजातींच्या जागतिक यादीत झाली.

सोलापूर जिल्ह्याचा या पक्ष्याशी असलेला संबंध वरवरचा नाही. नातेपुते जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, तर नान्नज पूर्वेकडे, सोलापूर शहरापासून बार्शीच्या वाटेवर. नान्नजचा माळ हे दख्खनमधल्या माळढोकाचे हक्काचे माहेर होते. माहेर हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. पावसाळा तोंडावर आला की पक्षी या माळावर जमत, नर आपापल्या ठरलेल्या जागा धरत, माद्या अंडी घालत आणि पाऊस सरला की पुष्कळसे पक्षी पुन्हा दूरवर पांगत.

या पक्ष्याचे प्रजनन कसे होते, हे नीट समजल्याशिवाय त्याच्या संरक्षणाविषयी बोलणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय. विणीच्या हंगामात नर माळावरची उंचवट्याची, चहूबाजूंनी दिसेल अशी जागा निवडतो. बहुधा ती वर्षानुवर्षे तीच असते. तेथे उभा राहून तो गळ्याखालची पिशवी हवेने फुगवतो. ती फुगत फुगत पार खाली, पायांपर्यंत लोंबू लागते. शेपटी पाठीवर उलटी उभारली जाते आणि मग एक खोल, घुमणारा हुंकार निघतो. शांत पहाटे तो अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू जातो. हे सारे प्रदर्शन दुरून पाहणाऱ्या मादीसाठी असते. निवड मादी करते. मीलनानंतर नराची जबाबदारी संपते. घरटे, अंडे, पिल्लू यांपैकी कशाशीही त्याचा संबंध उरत नाही.

पुढचे सगळे एकट्या मादीचे. तीही घरटे असे बांधत नाहीच. गवताच्या आडोशाने, उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते. दोन अंडी क्वचित. चार आठवड्यांच्या आसपास ती त्यावर बसते. मातकट पिसांमुळे दहा पावलांवरूनही ती चटकन दिसत नाही. गुरे फार जवळ आली, तर पाय लोंबते सोडून वेडीवाकडी उडत ती त्यांचे लक्ष स्वतःकडे वेधून घेते. कावळे, कुत्री, कोल्हे, घोरपडी, जनावरांचे खूर या सगळ्यांतून ते अंडे वाचले, तर पिल्लू जन्मते. ते लगेच चालू लागते, आईच्या मागे मागे नाकतोडे आणि भुंगेरे टिपत फिरते आणि पुढचा हंगाम येईपर्यंत पुष्कळदा तिच्याच सोबत राहते. मादी वयात यायलाही तीन-चार वर्षे लागतात.

याचा हिशेब कोणीही मांडावा. कोंबडी किंवा तित्तर यांच्यासारखी या पक्ष्याची भरपाई होत नाही. ज्याच्याकडे वर्षाकाठी एकच अंडे आहे आणि तेही उघड्यावर ठेवलेले आहे, त्याच्या बाबतीत एक मादी मरणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांची आशा मरणे. निसर्गाने ही संथ रीत त्याला दिली, कारण दख्खनचा माळ अफाट होता, मोठा पक्षी दीर्घायुषी होता आणि त्याला मारणारे थोडे होते. हे तिन्ही आधार माणसाने एकेक करून काढून घेतले.

पहिला घाव बंदुकीचा. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात! आज साऱ्या भारतातील माळढोकांची संख्या त्या एका शिकाऱ्याच्या यादीच्या सहाव्या भागाइतकीही नाही. मात्र सगळा दोष परकीयांच्या माथी मारून मोकळे होणे बरोबर नाही. साहेब गेल्यावर जीपमधून शिकार करणारे आपलेच लोक होते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला पहिल्या परिशिष्टात घातले, तेव्हा कोठे शिकारीला आळा बसू लागला. १९७८-७९च्या सुमारास राजस्थानात अरब राजपुत्रांच्या शिकारमोहिमेविरुद्ध सामान्य जनता रस्त्यावर उतरली, ही घटना तर देशातील निसर्गरक्षणाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे.

नान्नजला त्याच दशकात वेगळेच काही घडत होते. सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी तेथील माळढोकांकडे जगाचे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळावरचे काही तुकडे चराईपासून राखून गवत वाढवण्यात आले होते. नेमक्या त्याच तुकड्यांत पक्षी अंडी घालू लागले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी व त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात या पक्ष्याचा अभ्यास केला. माळढोकाच्या विणीबद्दल आज जे ठामपणे सांगता येते, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

१९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले आणि येथेच एक मोठी चूक झाली. अभयारण्याचे क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदा, नेवासा एवढ्या तालुक्यांचा मुलूख नकाशावर एका रेघेत घेतला गेला. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, बागायती होत्या, रस्ते होते. पक्षी राहत होता तो माळ त्या मानाने अगदी थोडा आणि विखुरलेला. परिणाम असा झाला की, ज्याने जन्मात माळढोक पाहिला नाही त्या शेतकऱ्यालाही जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत परवानगीचे खेटे घालावे लागले. पक्षी दिसला तर बोलू नये, नाहीतर जमीन जाईल, ही भावना पसरली. शतकानुशतके ज्याच्या ज्वारी-भुईमुगात हा पक्षी निर्धास्त फिरला, तो शेतकरी त्याला सरकारी शत्रू समजू लागला.

मध्य प्रदेशातील करेरा येथे हेच आधी घडून गेले होते. तेथे १९८१ मध्ये अभयारण्य झाले. काळविटांची संख्या वाढली, ती पिके फस्त करू लागली, निर्बंधांनी गावकरी वैतागले आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप होता तो माळढोक काही वर्षांतच तेथून नाहीसा झाला. हे उदाहरण डोळ्यांसमोर असूनही महाराष्ट्राने आपली रेघ दुरुस्त करायला तीन दशके घेतली. २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर नान्नजच्या माळावरून हुंकार जवळजवळ विरला होता. गेल्या काही वर्षांत तेथे एखाद-दुसरी मादी दिसली तरी ती बातमी होते. गुजरातेत कच्छच्या नलियामध्ये तर माद्याच उरल्या आणि नर नाही. नर नसलेल्या माळावर मादी अंडे घालते, त्यावर नेमाने बसते. पण त्यातून काहीच निघत नाही.

माळशिरस तालुका त्या अभयारण्याच्या रेषेत कधीच नव्हता. मग नातेपुत्याचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो माळाचा. अभयारण्याच्या आत कायदा होता म्हणून लोक चिडले. बाहेर कायदा नव्हता म्हणून माळ मुकाट्याने संपला. दोन्हीकडे शेवट एकच.

माळ संपण्याची कहाणी कालव्यापासून सुरू होते. नीरा उजव्या कालव्याने माळशिरस तालुक्याचा उत्तर भाग पालटला. १९३२ मध्ये माळीनगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. पुढे अकलूज, सदाशिवनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. दुष्काळाने पिचलेल्या माणसाच्या घरात त्यामुळे दोन पैसे आले, मुले शिकली. त्याबद्दल हळहळणे हा शहरी माणसाचा चोचला ठरेल. पण पाण्याबरोबर एक दृष्टीही आली : ज्या जमिनीतून ऊस निघत नाही ती जमीन वाया गेलेली. ज्वारी, बाजरी, हरभरा, करडई यांच्या उघड्या रानांत माळढोक सुखाने चरत असे, त्यांतले किडे टिपून पिकाचे भलेच करीत असे. उसात तो शिरत नाही. ज्याला शत्रू दुरून दिसायला हवा, तो पुरुषभर उंचीच्या दाट पिकात जगणार कसा?

दुसरी चूक तर चांगल्या हेतूने झाली. झाड म्हणजे निसर्ग आणि उघडा माळ म्हणजे निसर्गाचा अभाव, असे समीकरण शाळेपासून मनात पक्के बसलेले आहे. माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ यांची लागवड झाली, खुद्द नान्नजच्या परिसरातही गिरिपुष्प लावला गेला. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची भव्य मोहीम निघाली. दोन कोटींपासून सुरू झालेला आकडा तेहतीस कोटींवर गेला. कल्पना उदात्त होती. पण खड्डे खणायला सरकारी जागा लागते आणि सरकारी जागा म्हणजे बहुधा माळच. वस्तुतः कमी पावसाच्या या पट्ट्यात गवत हेच वन आहे. पवन्या, मारवेल, कुसळी यांची मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात. त्यावर लांडगा, काळवीट, चिंकारा, धाविक, चंडोल यांचा संसार चालतो. मुख्य म्हणजे त्यावर माणसाचाही संसार चालतो. माणदेशापासून माळशिरसच्या दक्षिण भागापर्यंत खिल्लार बैलाची जी ख्याती आहे, ती या गवतावरच उभी राहिली. धनगरांच्या मेंढ्या याच माळावर जगल्या. चैत्रात कावडी खांद्यावर घेऊन मुंगी घाट चढणारा भाविक शिखर शिंगणापूरच्या ज्या महादेवाला भेटतो, त्याच्या डोंगराच्या पायथ्याचे हे रान ‘पडीक’ कसे?

तिसरे संकट ताजे आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. समोरचे त्याला नीट दिसत नाही. अंग जड, त्यामुळे ऐन वेळी वळणे जमत नाही. विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. राजस्थानात सौर आणि पवन ऊर्जेच्या तारांचे जाळे वाढले तसे हे मृत्यू वाढले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला, मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. स्वच्छ ऊर्जाही देशाला हवी आहे, हा युक्तिवाद खोटा नाही. मात्र या साऱ्या खटाटोपात अग्रक्रमाचे क्षेत्र म्हणून राजस्थान व गुजरात यांचाच विचार झाला. सोलापूरची दखल घ्यावी इतके पक्षी आपण शिल्लक ठेवले नव्हते. इकडे महाराष्ट्रात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी गायराने आणि सरकारी जमिनी शोधल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. पण त्या पाट्या बसवताना तो माळ कोणाचे चराऊ रान आहे, कोणाचे विणीचे ठिकाण आहे, याची चौकशी झाल्याचे फारसे ऐकिवात नाही. जागेच्या कागदावर ‘पडीक’ किंवा ‘पोटखराब’ लिहिलेले असले की चौकशीची गरजच उरत नाही.

काळोखात एक दिवा मात्र लागलेला आहे. जैसलमेरजवळ सम येथे २०१९ मध्ये आणि त्यानंतर पोखरणजवळ रामदेवरा येथे माळढोकाची प्रजनन केंद्रे सुरू झाली. रानातली अंडी काळजीपूर्वक उचलून, यंत्रात उबवून पिल्ले वाढवली गेली. २०२३ मध्ये केंद्रात वाढलेल्या पक्ष्यांच्या नैसर्गिक मीलनातून पिल्लू जन्मले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू बाहेर आले. आज दोन्ही केंद्रांत मिळून साठहून अधिक पक्षी आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचे हे यश देशाने डोक्यावर घ्यावे असे आहे. या कामी तांत्रिक मदत अबुधाबीच्या तिलोर संवर्धन संस्थेची झाली. ज्या अरब शिकाऱ्यांविरुद्ध एकेकाळी राजस्थान पेटून उठला होता, त्यांच्याच प्रदेशाने शिकारीसाठी तिलोर वाढवता वाढवता मिळवलेले शास्त्र आज आपल्या गोडावणच्या कामी यावे, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

पण पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी सोडायचा कोठे? आई नसलेल्या पिल्लाला माळाचे शहाणपण कोण देणार, हा शास्त्रज्ञांपुढचा प्रश्न आहे आणि ते त्यावर काम करीत आहेत. माळच उरला नाही तर काय, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांच्या हातातला नाही. तो नान्नजचा, करमाळ्याचा, माणचा आणि नातेपुत्याच्या दक्षिणेकडच्या वाड्यावस्त्यांचाही आहे. उद्या दख्खनसाठी काही जोड्या मिळाल्या, तर त्यांना उतरायला एकमेकांना जोडलेले, तारांपासून आणि मोकाट कुत्र्यांपासून सुरक्षित असे हजारो हेक्टर गवत लागेल. ते आज राखायला सुरुवात केली तर दहा वर्षांनी मिळेल.

हे काम ८,४९६ चौरस किलोमीटरची रेघ ओढून होणार नाही, हे एकदा सिद्ध झाले आहे. गावाला बरोबर घेऊनच ते होईल, याचीही उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. अकोला-वाशिम भागात माळढोकाचा धाकटा भाऊबंद असलेल्या तणमोरासाठी फासेपारधी समाजातील माणसे उभी राहिली. ज्यांच्या हातात फासे होते, त्यांनीच पक्ष्याच्या जागा दाखवल्या, माळ राखला. ज्या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्या पिढीजात ज्ञानाला मान दिला की काय होते, ते यातून दिसते. मग धनगराच्या ज्ञानाला मान का नको? कोणत्या महिन्यात कोणते रान मोकळे ठेवावे, गवत बी टाकीपर्यंत मेंढरे कोठे न्यावीत, हे त्याला कोणत्याही अधिकाऱ्याने शिकवायची गरज नाही. जून ते ऑक्टोबर माळाचा काही भाग पाळीपाळीने बंद ठेवायचा, त्या बदल्यात मेंढपाळाला चाऱ्याची भरपाई द्यायची, पावसाळ्यानंतर कापणीचा हक्क गावालाच ठेवायचा, इतकी साधी ही व्यवस्था असू शकते. ऊसशेतीवर आणि वृक्षलागवडीवर झालेल्या खर्चाच्या मानाने तिला लागणारा पैसा नगण्य ठरेल. ‘मेंढरे आणि पक्षी एकत्र नांदणार कसे?’ असा आक्षेप वनखात्यातून येतो. चराई बेसुमार झाली तर नांदणार नाहीत, हे खरेच. पण चराई पूर्ण बंद केली की गवत माजते, झुडपे शिरतात आणि माळढोकाला नको असलेले रान तयार होते, हेही तितकेच खरे.

कायद्याचा आधारही अगदीच नाही असे नाही. गायराने सार्वजनिक उपयोगासाठीच राहावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाने तसा निर्णयही काढला. नातेपुते स्वतः आता नगरपंचायत झाले आहे. पण आसपासच्या गावांच्या ग्रामसभा जिवंत आहेत. आपल्या गायरानाची मोजणी मागणे, त्याची नोंद चराऊ गवताळ रान म्हणून ठेवण्याचा ठराव करणे आणि प्रकल्पाचा किंवा लागवडीचा प्रस्ताव आला तर त्या ठरावाची प्रत तहसीलदारासमोर ठेवणे, एवढे त्यांच्या हाती निश्चित आहे. यंदाचा पालखी मुक्काम उरकला, रस्ते झाडून झाले, की आषाढातच नव्या गवताची लव माळावर फुटेल. मोजणीला तोच हंगाम योग्य आहे. कोठला माळ अजून जिवंत आहे, ते तेव्हा नुसत्या डोळ्यांनीही दिसते.